रात्री अकराचा नमुना

इल्ता म्हणजे आमच्या भाषेत संध्याकाळ.
सोळा वर्षांपूर्वी नाव ठेवताना एवढंच डोक्यात होतं
की माझी शिफ्ट सुटायची वेळ आणि तिची जन्मवेळ एकच.

जून आहे. केमीत सूर्य मावळायला जातो
आणि काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.
रात्रीचे अकरा, समुद्रावर ऊन,
मी स्वयंपाकघरात उभा,
हातात प्लास्टिकची नळी, नळीत कापसाचा बोळा.
दोन दिवस, रोज तीन वेळा.
बोळा गालात धरायचा, हलकेच चावायचा,
बोट न लावता नळीत सोडायचा.
पाच झाले. फ्रीजरमध्ये
मागच्या वर्षीच्या पिवळ्या रानबेरींशेजारी
तिच्या दोन सकाळी, दोन दुपारी, कालची रात्र
वेळा चिकटवून ठेवल्यात.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी एक रेघ काढून दाखवली होती.
सकाळी डोंगर, मग उतरण, रात्री सपाट.
कॉर्टिसोल असं उतरलं की शरीराला कळतं, म्हणाल्या,
आजचं संपलं.
मग इल्ताची रेघ काढली.
ती उतरेना. मधेच कुठेतरी
वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत राहिली.
मला हसू आलं, नको तिथे.
इल्ताला संध्याकाळच होत नाही.

मी कागदाच्या गिरणीत वाफेचे दाब वाचतो, एकोणीस वर्षं.
काटा हिरव्यात असला की कॉफी ओततो.
तिचं थायरॉइड हिरव्यात. लोह हिरव्यात.
बाकीची नावं मला उच्चारता येत नाहीत, तीही हिरव्यातच.
तीन औषधं झाली, प्रत्येकाला दहा-दहा आठवडे दिले.
मग पत्र आलं: आजार उपचारांना दाद देत नाही.
जणू गोळ्या जीव तोडून गातायत
आणि आत बसलेलं कुणी
मानसुद्धा हलवत नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती आली. जूनमध्ये जाकीट.
खुर्चीवर बसताना खिशातून पुडी पडली.
साल्मियाक्की. काळ्या खारट वड्या, ज्येष्ठमधाच्या.
सूचनांचा कागद दारावरच होता, कलम चार, ठळक:
आठवडाभर आधीपासून ज्येष्ठमध वर्ज्य,
आकडे खोटं बोलू लागतात.

कधीपासून खातेस?
सोमवारपासून.
आणलीस कुठून?
पेट्रोलपंपावरून.
सायकलला तर हवा नाही.
चालत गेले.

पंप तीन किलोमीटरवर आहे.
ही मुलगी मार्चपासून पत्रपेटीपर्यंत गेलेली नाही.
माझ्या डोक्यातला काटा तांबड्यात जाऊन
थरथरत तिथेच थांबला.
सहाच्या सहा नमुने वाया.
ओरडायला तोंड उघडलं
आणि विचारलं भलतंच:
खावंसं वाटलं होतं?
ती बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली.
जिभेला वाटलं, म्हणाली. मला नाही.
मग पुडी माझ्याकडे सरकवली.
मी एक वडी घेतली. मला ती कधीच आवडली नाही.

सकाळी नर्स पिर्यो यांना फोन करून सगळं सांगितलं.
दोन आठवड्यांनी पुन्हा घेऊ, म्हणाल्या,
चौथं औषध तोवर थांबेल.
मग जरा थांबून: चालत गेली?
हो.
जाऊन-येऊन?
हो. चार वेळा. पाच असतील.
टाइप केल्याचा आवाज आला, थांबला, खोडल्याचा आला.
हे कुठल्या रकान्यात लिहू, त्यांनी विचारलं,
मला की स्वतःला, कळलं नाही.

काल रात्रीचं सांगायचं राहिलं.
वाया गेलंय हे माहीत असूनही तिने बोळा चावला,
कापसाला काळा डाग लागला.
मी नळीवर चिठ्ठी लावली: इल्ता, २३:२५.
आणि ठेवून दिली बेरींशेजारी.
खिडकीत ऊन होतं. ती म्हणाली,
पडदा ओढ ना.