दोन भोवरे

हलमध्ये, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
दर गुरुवारी मी फॉर्म भरते.
खिडकीतून हंबर नदी दिसत नाही,
नुसता वास येतो, ओहोटीच्या चिखलाचा.

हालीना कोट न काढताच बसली.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
बोटं अजून बर्फाची लाल.
मध्ये टेबलावर फोन, स्पीकरवर दुभाषी,
लीड्समधला कुणी दमलेला माणूस.

नाव? ओस्ताप.
वय? तेव्हा पाच.
शेवटचं कधी पाहिलं?
बसमध्ये चढताना. समुद्राकाठचं शिबिर, पंधरा दिवसांचं.
बस सरहद्दीपलीकडे गेली
आणि ते पंधरा दिवस अजून संपायचेत.

ओळखीची खूण?
ती एकच शब्द बोलली.
दुभाषी अडखळला. ‘वावटळ म्हणतेय.
मुलाच्या डोक्यावर वावटळ. थांबा, परत विचारतो.’
तिनं टेबलावरच्या हवेत बोट फिरवलं,
एकदा उजवीकडे,
एकदा डावीकडे.

भोवरा!
मी ओरडलेच, मराठीत.
नदीत पडतो तो भोवरा,
पोरं जाळी गुंडाळून फेकतात तो भोवरा,
आणि टाळूमागे केस गर्रकन वळतात, तोही.
तुमच्याकडे वारा, आमच्याकडे पाणी.
माझ्या भावाला दोन होते.
कराडचा न्हावी म्हणायचा, हा दोन लग्नं करणार.
एकही केलं नाही त्यानं.
हे सगळं लीड्समार्गे तिला सांगितलं.
ती हसली. फोनमधला माणूसही हसला.
मग ती रडली, त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

फॉर्मवर भोवऱ्याला रकाना नाही.
नाव बदलतात, तारीख बदलतात,
जन्मगाव तर एका शिक्क्याचं काम.
दत्तक द्यायच्या फोटोंत
केस ओले करून, भांग चापून
पोरांना समोरून उभं करतात.
मागून कुणी बघत नाही,
म्हणून मागचं तसंच राहून जातं.

अकरा महिने मी पाठमोरी मुलं पाहिली.
कवायतीतली, प्रार्थनेतली, झेंड्याकडे तोंड केलेली.
बसमध्येही पुढच्या पोरांच्या टाळूवर डोळा;
एका बाईनं आपला मुलगा उचलून दुसरीकडे बसवला,
बरोबरच केलं तिनं.

नळाशी वाकलेला एक,
फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला.
मी मोजले. पुन्हा मोजले.
दोन.
नाव दुसरं, वय एक वर्षानं कमी.

पुढचं माझ्या हातातलं नव्हतं.
वकील, तिसऱ्याच देशाचे अधिकारी,
आणि हालीनाची आई,
सत्तरीत, चार सरहद्दी ओलांडून
पिशवीत त्याचं लसीचं कार्ड घेऊन गेलेली.
मी पोचपावत्या टाचत राहिले.

मार्चमध्ये तो पॅरागॉन स्टेशनात उतरला,
आजीच्या हाताला धरून नाही,
तिच्या पिशवीच्या बंदाला धरून.
निळी लोकरी टोपी कानांपर्यंत.
‘ओस्ताप!’
त्यानं मागे वळून पाहिलं,
कुणाला हाक मारतायत ते.

मग काहीतरी विचारलं त्यानं
तिकडच्या भाषेत.
हालीनाला ती येते. तोंडातून काढायची नाही
अशी शपथ होती तिची, त्या बसपासून.
लेकरापुढे कडू औषध आधी आपण चाखावं
तशी ती भाषा तिनं जिभेवर घेतली.

बसमध्ये तो एकटाच पुढे बसला, आम्ही तिघी मागे.
हीटरनं काच धुरकटली, त्यानं टोपी काढली.
हालीनाचं बोट उठलं,
केसांपासून दोन बोटं अलीकडे थांबलं
आणि तिथंच, हवेत, फिरलं.

न वळता त्यानं विचारलं,
अजून किती स्टॉप?
सात, ती म्हणाली, त्याला कळेल असं.
मग थोड्या वेळानं, आपल्या भाषेत, सात.
दोन्हींत फारसा फरक नव्हता.
मला तरी ऐकू आला नाही.