शेंगदाण्यांचा नियम

साडेसहाला 'तीन हातोडे'च्या दारात
आम्ही अकरा जण, उघड्या गुडघ्यांचे.
नोव्हेंबर. शेफील्ड.
या शहराला सात टेकड्या, असं लोक सांगतात.
माझ्या पोटऱ्यांनी नऊ मोजल्यात.

नियम एवढाच की कुणी जिंकायचं नाही.
एका पबातून दुसऱ्या पबात पळायचं,
प्रत्येक ठिकाणी अर्धाच पाइंट,
आणि चुकून पहिला आलाच कुणी
तर सगळ्यांचे शेंगदाणे त्याच्या खिशातून.
म्हणून दारापाशी पोचलं की
जो तो वाकून बुटाची नाडी बांधत बसतो.

वाट आज प्रूडन्सनं आखलीय.
ती सुईण; रात्रपाळी, चार तास झोप,
मग दुपारभर हिंडत पिठाच्या चिमटी सोडत गेली
दिव्याच्या खांबाखाली, कालव्याच्या कठड्यावर.
रांगोळी घालायला बसावं आणि दारात कुणी हाक मारावी,
तसे अर्धवट बाण.
एक बाण कुत्र्यानं चाटला. आम्ही कारखान्याला दोन वळसे घातले.

विल्फ्रेड पळत नाही. एकोणऐंशी वय, गुडघा धातूचा.
"मीच ओतला असेल कधीतरी भट्टीत," म्हणतो.
आमचे कोट चाकांच्या निळ्या पिशवीत कोंबतो
आणि बसनं पुढे जातो.
आम्ही धापा टाकत पोचावं,
तर टेबलावर अर्धे पाइंट ओळीनं उभे,
फारिसचं लिंबू-सोडा पलीकडच्या टोकाला, वेगळं,
आणि विल्फ्रेड घड्याळाकडे बघत,
"वाट चुकलात?"

दुसरा पब. तिसरा.
पोटात बिअर हिंदकळते, चढावर ढेकर येते,
ग्विलिम शेवटून पहिला, नेहमीसारखा,
त्याचा श्वास गल्लीच्या त्या टोकापासून ऐकू येतो.

चौथ्या पबात टेबल रिकामं.

फोन लागेना. पाच मिनिटं. दहा.
पाठीवरचा घाम गार होत गेला.
वाटत होती ती काळजी की नुसती थंडी,
मला अजून सांगता येणार नाही.
कोट त्याच्याकडे होते, हे खरंच.

मग कुणी काही बोललं नाही.
उलट्या दिशेनं, पिठाकडे न बघता,
त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही खरे पळालो.
ग्विलिम सगळ्यांच्या पुढे.
इतका वेग त्यानं कुठं दडवून ठेवला होता?

उतारावर बस बंद पडलेली, पिवळे दिवे लुकलुकत.
फुटपाथवर माणसं उभी, आमच्या कपड्यांत.
माझ्या कोटात एक आजीबाई, बाह्या हातभर खाली,
फारिसच्या जाकिटात एक पोरगी आणि तिचं मांजर,
प्रूडन्सच्या लोकरी टोपीखाली खुद्द ड्रायव्हर.
विल्फ्रेड रिकाम्या पिशवीवर बसलेला.
"यांना थंडी वाजत होती," तो म्हणाला.
"तुम्ही काय, पळणारी माणसं."

पळणारी माणसं मग
चाळीस मिनिटं जागच्या जागी पळत राहिली.
आजीबाई आमच्या मांड्यांकडे बघून
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या,
ते प्रार्थनेसारखं नव्हतं.

दुसरी बस आली. कोट एकेक करून परतले.
माझा आतून ऊबदार होता, माझ्या नसलेल्या उबेनं,
आणि उजव्या खिशात
कागदात गुंडाळलेली अर्धी पेपरमिंट.
देऊ म्हणून वळलो तर बसचं दार मिटलेलं.

पाचव्या पबाची घंटा कधीच वाजून गेली होती.
पेट्रोल पंपाच्या खिडकीतून
ग्विलिमनं बारा पाकिटं शेंगदाणे घेतले.
पैसे देताना चेहरा असा केला
की फार मोठा अन्याय झालाय,
आणि पाकीट दातानं फोडताना
हसू त्याला काही लपवता येईना.