अनंताला लोखंड

सुभाषनगरात मोरीमागं चार फूट जागा,
तिथं मालननं अनंत लावला.
दुसऱ्याच वर्षी पानं पिवळी.
शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी कावीळ.

बोअरचं पाणी जड, ती म्हणाली, माती चुनखडीची.
आंबट ताक घातलं.
कारखान्याची मळी आणली पोतंभर.
गल्लीभर वास सुटला, अनंताचा सोडून.

मी उद्यमनगरात लेथवर.
एका शनिवारी डब्यातनं लोखंडाचा कीस आणला,
तेल धुतलं, ताकात आठ दिवस भिजवला,
काळं पाणी बुडात ओतलं.
"झाड हाय, बोल्ट न्हवं," ती म्हणाली.

पानं हिरवी झाली. कळ्या धरल्या, गळल्या.
पुन्हा धरल्या.
एक उमलली, रात्री, लाईट गेल्यावर.
मी तीनदा मोरीपर्यंत जाऊन आलो.

सकाळी तिनं फूल डब्यावर ठेवलं.
दुपारी कडा पिवळ्या पडलेल्या,
तरी कूलंटच्या वासातनं दस्तगीरनं मान वर केली:
"काय रं हे?"
त्याला फांदी पाहिजे.

मग गुटी बांधली. साल सोलून
शेवाळ, माती, वर प्लास्टिक, सुतळी.
तो रोज विचारतो, मुळं फुटली का.
मालन रोज ओरडते,
दाबून बघू नका.