रफू नाही याला

चाळीस वर्षं आमच्या घरात
लोकांचे गालिचे आजारी माणसांसारखे येत
आणि माझा नवरा गारेगिन
डोळ्याला भिंग लावून त्यांच्या उशाशी बसे.
कसर लागलेले, मांजरानं ओरबाडलेले,
एकावर कुणाच्या तरी लग्नातली वाइन सांडलेली.
नवरा-नवरी पुढे वेगळी झाली,
डाग होता तिथंच.

मी भिंतीच्या कडेकडेनं चालायला शिकले.
बैठकीतला आमचा स्वतःचा,
सासूबाईंनी समुद्रापार गुंडाळून आणलेला,
त्याच्यावर पाऊल टाकायचं तर
आधी पाय धुवायचे, मग पुसायचे,
मग विचार बदलायचा.
आमची शूशान रांगली ती उघड्या फरशीवर.

हा मात्र मी आणला.
फ्रेझ्नोच्या बाहेर गोदामाएवढ्या दुकानात
कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांना टेकून
उभा होता, कमरेला प्लास्टिकचा पट्टा.
एकोणपन्नास डॉलर.
निळ्यावर पांढरी नक्षी,
उलटा केला तर पांढऱ्यावर निळी,
म्हणजे सुलटं कुठलं हा वादच नको.
शूशाननं चिठ्ठी वाचून दाखवली:
ऊन चालेल. पाऊस चालेल. नळीनं धुवा.
मी म्हटलं, पुन्हा वाच.

गारेगिननं कोपरा उचलला,
अंगठा मागच्या बाजूनं फिरवला,
गाठी मोजायची जुनी खोड.
गाठ एकही नव्हती.
‘हा कुणी विणलेलाच नाही,’ म्हणाला,
एखाद्याला आईबाप नाहीत म्हणावं तसं.
म्हणजे कुणाचे डोळेही गेले नाहीत, मी म्हटलं
आणि लगेच जीभ चावली.
त्याचा डावा डोळा गेल्या हिवाळ्यापासून
नुसतं धुकं दाखवतो.

जुलैत इथं दुपारी पक्षीसुद्धा बोलत नाहीत.
जर्दाळू पिकून धपकन पडतात, फुटतात,
शेजारच्या इमेल्दाची कुत्री त्यात लोळून
थेट गालिच्याच्या मधोमध येऊन झोपते.
नातवानं, आरेननं, डाळिंबाच्या रसाचा
भरला पेला उपडा केला आणि माझ्याकडे पाहिलं.
मी नळी सुरू केली.
पाणी त्याच्या अंगातून आरपार गेलं,
लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी,
आणि दहा मिनिटांत तो असा कोरडा
की याच्या बाबतीत काही घडलंच नव्हतं.
मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टच्या एका रविवारी
द्राक्षवेलीच्या काटक्यांवर मांस भाजताना
एक निखारा उडाला.
भोक पडलं नाण्याएवढं,
कडा काळ्या, काचेसारख्या कडक.
सगळे गप्प.
गारेगिन आत गेला आणि सुयांचा डबा घेऊन आला.
गुडघे टेकले. भिंग लावलं.
सुई घातली, कड तडकली.
दुसरीकडून घातली, तिथंही तडकली.
मांस थंड झालं तरी तो वाकलेलाच,
मग त्याचे खांदे हलू लागले,
मी धावले,
तर हा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
‘नाही होत,’ म्हणाला. ‘न्वार्द, याला रफूच नाही!’
चाळीस वर्षांत हे वाक्य
त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.
मास्तर अचानक वारल्यावर
शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरासारखा
तो तिथंच पालथा पडला, बूट घालून.

बैठकीतला आहे अजून बैठकीतच.
दर गुरुवारी मी त्याला झटकते,
कडेकडेनं.

भोकावर कुंडी ठेवू म्हटलं
तर आरेन ठेवू देत नाही.
खाली मुंग्यांचं घर आहे.
संध्याकाळी तो त्यापाशी गाल टेकून पडतो.
मुंग्या वर येतात, एकेक,
जराशा थांबतात
आणि नक्षीवरून चालू लागतात,
मधूनच, सरळ.