अंदाज

अम्माच्या हाताला तराजू लागत नसे.
सुपातला तंबाखू चिमटीत आला की
प्रत्येक विडीत तेवढाच पडायचा.
ब्रँचमधला चेकर सगळ्यांचे कट्टे उसवून छाट काढायचा,
नरसम्मा बोम्मड्याल म्हणून पुकारताना मात्र
त्याचा आवाज जरा खाली यायचा.
हजार विड्या, चाळीस कट्टे, रोज.
पानं कमी भरली तर पदरच्या पैशाने आणायची,
पण हजार म्हणजे हजार.

रविवारी त्याच हातात पळी असायची.
अर्धा किलो मटण,
कुंभारीच्या घरकुलातली एक खोली,
डोक्यावर तापलेला पत्रा,
आणि अम्मा पातेल्यात न बघता वाढायची.
नायनाला पाच तुकडे,
अंबादासला चार, श्रीहरीला चार,
मला दोन, त्यातला एक नुसत्या हाडाचा.
स्वतःला पातेलं.

पातेल्यात ती भाकरी अशी फिरवायची
की घासायला काही उरत नसे.
आठवडाभर तिचं जेवण
कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि मांडीवरचं सूप खाली न ठेवता प्यालेला चहा.

नायना बारा-बारा तास मागावर उभा असायचा.
भाऊ वाढीचे होते.
मीही वाढतच होते,
फ्रॉकची खालची शिवण
दर दिवाळीला उसवावी लागायची.

नायनाने कधी जास्त मागितलं नाही,
हेही लिहायला हवं.
त्याने ताटात कधी मोजलंच नाही.
ज्याला पुरतं, तो कशाला मोजेल?

मोजलं मी.
चौथीत होते, भागाकार नुकता आला होता.
पाटीवर मांडून दाखवलं,
पंधरा तुकडे, पाच माणसं,
प्रत्येकी तीन, बाकी शून्य.
अम्मा दोरा दातात धरूनच हसली.
चुकलं तुझं, म्हणाली,
पाच कुठून आणलेस? चार माणसं.

पुढे विडी कामगारांच्या दवाखान्यात
तिचं रक्त सात पॉइंट दोन भरलं.
काय काय खाता, डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
सगळं खाते, अम्मा म्हणाली.
बाई लिहीत राहिल्या.
मी शेजारी उभी होते, बोलले नाही,
आणि परत येताना रिक्षात
तिने मला पर्समधलं केळं दिलं.
मी खाल्लं.

मी विडी वळली नाही कधी.
जुळे सोलापुरात दोन खोल्या आहेत, हॉल आहे,
मिक्सर, कुकर, ओट्यावर डिजिटल काटा,
केकसाठी मागवलेला.
नवरा शनिवारी भांडी घासतो आणि
सोमवारपर्यंत ते सांगत राहतो.
माणूस वाईट नाही.

परवा फोन कानाला लावून वाढत होते.
अम्माचाच फोन होता, गुडघ्यांबद्दल.
सहस्रा म्हणाली, आई,
ओमकारच्या वाटीत चार आहेत, माझ्या दोन.
खाली बघितलं. खरंच.
मी काही ठरवलं नव्हतं.
मनगटानेच ठरवलं होतं,
चिमटीत तंबाखू यावा तसं, कण न चुकता.
तोंडातून निघालं, अगं, तो वाढीचा आहे.

ओमकार सहा वर्षांचा, सहस्रा दहाची,
तिच्या युनिफॉर्मची शिवण
मी गेल्याच आठवड्यात उसवली होती.
फोनमध्ये अम्मा विचारत होती,
काय झालं? काय म्हणते पोरगी?

काही नाही, म्हटलं.
मग म्हटलं, थांब, सांगते नंतर.
कुकर कट्ट्यावरून जमिनीवर आणला,
सगळं परत ओतलं,
आणि मोठ्याने मोजायला लागले,
चार माणसं, प्रत्येकी…

चार कुठून आणलेस? सहस्रा म्हणाली.
ताटं तर तीनच आहेत.

नवऱ्याचा घास हातातच राहिला.
मी उठले.
चौथं ताट कपाटात पार मागे होतं,
पाहुण्यांच्या ताटांखाली.
ओढताना वरची सगळी खणाणली.