परिशिष्ट अ

तडजोड कक्ष दुसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना,
दुपारी ड्रिलचा आवाज फरशीतून वर यायचा.
आम्ही अकराजणी, कॅन्ससच्या सपाट आभाळाखाली,
फुकट गाणी घेणाऱ्यांचे फोन घ्यायचो.

समोर छापील कागद. सुरुवात ठरलेली:
हा फोन गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित होत आहे.
'चोरी' म्हणायचं नाही, 'उल्लंघन' म्हणायचं.
कुणी रडलं तर नऊ सेकंद थांबायचं,
मग कार्डाचा नंबर.

एक नर्स म्हणाली, रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून घेतली हो.
एक पोरगा, आवाज नुकता फुटलेला, कुजबुजत होता;
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
एकानं विचारलं, त्यांच्या तिन्ही कॅसेटी मी विकत घेतल्यात,
दोन तर उन्हात गाडीत वितळल्या, त्या धरत नाहीत का?
धरत नाहीत, मी म्हटलं. कागदावर तसंच होतं.

थांबवून ठेवलं की त्यांना बासरी ऐकू यायची,
सतरा सेकंदांची, संपली की पुन्हा तीच.
तिचे पैसे कुणाला जातात, मी एकदा डेनिसला विचारलं.
लोर्ना, तो म्हणाला, तू आधी जेवून घे.

फेब्रुवारीत मिनेसोटातून ऑर्विल हाउगेनचा फोन आला.
धान्याच्या कोठारावर वजनकाटा बघणारा माणूस,
बोलणंही तोलून.
पाकिटात दोनच पानं आलीत, म्हणाला,
परिशिष्ट अ नाही. ते वाचून दाखवा.
एक हजार एकशे चौदा ओळी आहेत, मिस्टर हाउगेन.
असू देत. बर्फ पडलंय, मी कुठे जात नाही.

नियम चार मिनिटांचा. मी वाचायला लागले.
पलीकडे पेन्सिल. मधेच: थांबा, स्पेलिंग सांगा.
साठाव्या ओळीपाशी म्हणाला, सोल्वेगची आहेत ही.
ऑगस्टात गेली, मागच्या सीटवर कपडे टाकून.
भांडण कशावरून झालं तेही आता नीट आठवत नाही.
कॉम्प्युटर तेवढा राहिला.
तिच्या खोलीतून भिंतीपलीकडे मला नुसती धडधड यायची,
शब्द कधी पोचलेच नाहीत.

आठशे तिसऱ्या ओळीला मी अडखळले.
कलाकार: ओ. हाउगेन.
शीर्षक: बाबा, गोठ्यातला नाच, एक्क्याऐंशी.

पेन्सिल थांबली.
मी नऊ सेकंद मोजले. मग आणखी नऊ.

अकॉर्डियन, तो म्हणाला. एक टेप होती, बुटांच्या खोक्यात.
किती जणांनी घेतलं?
एक्केचाळीस.
कुठली माणसं?
तो रकाना नाही, मिस्टर हाउगेन.
तो हसला, किंवा खोकला:
ही एक ओळ एकूण वजनातून वजा होते का?

होत नाही.
राहिलेल्या तीनशे अकरा ओळीही त्यानं लिहून घेतल्या.
तीन हजार सातशे पन्नास डॉलर, दहा हप्ते.
कार्डावरचे आकडे दोनदा वाचले, चूक नको म्हणून.

कागदावरचा शेवटचा प्रश्न: आणखी काही मदत हवी आहे?
तो सोडून मी विचारलं, ते कसं होतं, एक्क्याऐंशीचं?

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. खुर्ची सरकली.
बराच वेळ काहीच नाही. कुठलंतरी कपाट.
मग भात्यानं ओढलेला एक लांब श्वास,
एक चुकलेला सूर, शिवी,
पुन्हा पहिल्यापासून.

तीन तास चाळीस मिनिटं. मला लेखी समज मिळाली.
कक्ष त्याच वर्षी बंद झाला, दवाखाना अजून आहे.
कंपनीच्या कुठल्याशा सर्व्हरवर, फेब्रुवारीच्या फोल्डरात,
त्या नाचाची एक प्रत असेल.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
खाली ड्रिल चालू होतं, तेही आलं असेल त्यात.