पोटखराबा

सातबाऱ्यावर लिहिलंय: पोटखराबा, दोन आर.
तलाठ्याला म्हटलं, भाऊ, तिथं समाध्या आहेत
भारती गोसाव्यांच्या, सात,
आमच्या मामाजींनी वावर घेतलं त्याच्याही आधीच्या.
लिहा ना एखाद्या रकान्यात.
तो म्हणाला, काकू, कॉम्प्युटरात
समाधीचा कोड नाही.

खरेदीखतात मात्र आहे,
अडाणच्या पुरात भिजून तपकिरी झालेल्या कागदावर:
उत्तर धुऱ्याकडील हिवराखाली औत घालू नये.
खाली रूपभारतीची सही, मामाजींचा अंगठा.
सही पुसट झाली. अंगठा अजून शाबूत.

भारतीचे लोक पुसदला गेले, तिथून कुठं, कोणाला माहीत.
एका दगडावर पादुका, एकावर पिंड,
एक नुसताच चौथरा, त्याच्या आडोशाला टिटवी अंडी घालते
अन् मलाच चोर समजून डोक्यावर ओरडत फिरते.
नावं वाचता येतात ती फक्त हिवाळ्यात,
पाचच्या सुमारास, ऊन आडवं झालं की.
एका दगडावर 'बाई' एवढं दिसतं.
आधीची अक्षरं लागेस्तोवर
सूर्य तुरीत उतरलेला असतो.

मी काही फार करत नाही.
तरोटा उपटते. रायमुनियाची मुळं
विळ्याला ऐकत नाहीत, सब्बल लागते.
कलंडल्या दगडाखाली चिपा सारते.
सरपंच म्हणत होता, टाइल्स बसवू, वर नाव टाकू.
कोणाचं, ते काही बोलला नाही.

यंदा रोटाव्हेटरवाला पोरगा नवा, दारव्ह्याचा.
म्हणाला, काकू, दोन फेऱ्यांत सपाट होते,
सोयाबीनचं अर्धं पोतं वाढंल.
वाढंल, म्हटलं,
अन् त्याच्यापुढं चालत गेले
चुन्याची फक्की टाकत,
हिवराला वळसा घालून.

तो वरून मोजत होता.
सातच तं आहेत, म्हणाला,
मग इकडं कायले फक्की?
इथं तं काहीच नाही.

आठ आहेत, म्हटलं.
दगड नाही त्याले.
बारसं व्हायचं होतं.
इकडूनच वळव.

त्यानं इंजिन बंद नाही केलं,
गिअर तेवढा खाली घेतला.

जाताना वळणाचे पन्नास रुपये
जास्त मागितले.
दिले.